कवळाचं झाड

श्रुतिकाच्या वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ होती आणि प्रत्येक ओळीत ‘स्थानिक नाव’ असा एक रकाना. तो रकाना ठमाबाई चालता चालता भरून देत होती. ऐन, किंजळ, असाणा, हेद, नाणा, कुंभा. बोटही उचलत नव्हती. नुसती हनुवटी त्या त्या झाडाकडे करायची आणि पुढे व्हायची. श्रुतिका मागून धापा टाकत लिहायची. वहाळाच्या काठाला एका झाडापाशी ती थांबली, बुंध्याभोवती छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला, घेर लिहिला आणि विचारलं, “आजी, हे?”

“हे कवळाचं.”

“कवळासाठी तर तुम्ही ऐनही तोडता, किंजळही तोडता. याचं स्वतःचं नाव काय?”

ठमाबाई वळून झाडाकडे बघत राहिली. ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवू नये तशी.

“नाव काय नाय गो त्याचं,” ती शेवटी म्हणाली. “कवळाचंच म्हणतो आम्ही.”

श्रुतिकाने पान तोडलं, उलटं करून पाहिलं, वास घेतला, उजेडावर धरलं. पानाची कड बारीक दातेरी होती आणि पाठीवर काळे ठिपके होते. तिने पुस्तक चाळलं, फोटो काढले, पुन्हा पुस्तक चाळलं. महाडची ही मुलगी पुण्यात झाडांचं शिक्षण घेत होती. तोडून पुन्हा वाढू दिलेल्या रानांमध्ये किती जातींची झाडं टिकतात, हे मोजायला ती ह्या डोंगरांत हिंडत होती. पुस्तक मिटून तिने साधाच प्रश्न विचारला.

“याला फूल कसं येतं?”

ठमाबाईने त्या झाडाचं फूल कधी पाहिलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ती त्या झाडावर चढत होती.

ठमाबाईची वाडी वरंधच्या वर, घाटाच्या रस्त्यापासून तासाभराच्या चढावर आहे. सतरा घरं. त्यांतली सात बारमाही उघडी, बाकीची गणपतीत आणि शिमग्यात उघडणारी. उताराला पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि त्यांच्या वर डोंगर, सगळ्या घरांच्या सामाईक मालकीचा. थंडीत माणसं डोंगरातल्या झाडांवर चढतात आणि पाल्यासकट फांद्या उतरवतात. ह्या पाल्याला कवळ म्हणतात. त्याचे भारे वाळवून उन्हाळ्यात खाचराच्या एका कोपऱ्यात पसरायचे, वर शेण, गवत, माती टाकायची आणि भाजायचं. भाजलेल्या जागेत भाताचं रोप जोमाने येतं, तण मरतं. ती जागा म्हणजे राब. प्रत्येक घराला डोंगरातली आपापली कवळाची झाडं वाटून दिलेली आहेत.

दरवर्षी फांद्या उतरवलेलं झाड खांबासारखं दिसतं. अंगभर गाठी. गाठीगाठीतून फुटलेले कोवळे धुमारे. ते दोन हात वाढले की पुन्हा कोयता. फूल यायला फांदीला वय लागतं, आणि इथे कुठलीच फांदी वर्षापलीकडे जगत नव्हती. ऐनाची, किंजळीची फुलं लोकांना ठाऊक होती, कारण ती झाडं डोंगरभर आहेत आणि त्यांतली काही कोयत्यातून सुटतात. वहाळाकाठचं हे झाड एकटंच होतं. त्याच्यासारखं दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं. वापरात असलेल्या वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही, तसं त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

ठमाबाई कापडे गावची. सतराव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. कापड्याला सपाट खाचरं आणि झाडावर चढायचं काम पुरुषांचं, बायकांनी भारे वाहायचे. इथे आली तर नवरा मुंबईत, एका हॉटेलच्या भटारखान्यात. तीन भावांतला तो धाकटा. कवळाच्या रानाची भावाभावांत वाटणी झाली तेव्हा थोरल्या रामजीने ऐनाचा पट्टा घेतला, मधल्याने किंजळीचा. ऐनाची राख जड, जागेवर बसते, वाऱ्याने उडत नाही, म्हणून ऐनाला मान. धाकट्याच्या वाट्याला वहाळाच्या अंगाचं उरलेलं रान आलं. त्यात कशाचाच भरणा नाही, पण सगळं काही एकेक, दोन-दोन.

पहिल्या वर्षी रामजीने भावजयीसाठी कवळ तोडून द्यायचं कबूल केलं. स्वतःचं संपवून मग तो तिच्या रानात गेला. तोवर उशीर झाला होता. पाला वाळला नाही, राब धुमसत राहिला, रोप पिवळं पडलं. पुढच्या वर्षी ठमाबाईने काष्टा घातला, कमरेच्या आकडीला कोयता अडकवला आणि ती स्वतःच चढली. वाडीत तोवर बाई झाडावर चढली नव्हती. सासू खालून ओरडली, “उतर खाली! बाय चढली की झाडाला फळ धरत नाय.”

ठमाबाई उतरली नाही. कवळाला फळ कशाला लागतं? असं ती तेव्हा म्हणाली होती.

हे सगळं तिने श्रुतिकाला सांगितलं ते पुढच्या दोन दिवसांत, तुकड्यातुकड्याने, दोरीचं एक टोक धरून उभी असताना. श्रुतिका डोंगरात वीस मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखायची आणि त्यातलं प्रत्येक झाड मोजायची. रामजीच्या ऐनाच्या पट्ट्यात तिला अकरा जाती सापडल्या. किंजळीच्या पट्ट्यात चौदा. ठमाबाईच्या रानात चौतीस.

“असं कसं?” श्रुतिका वहीकडे बघत म्हणाली. “एकच डोंगर, एकच पाऊस. तुम्ही इथे काही वेगळं करता का, आजी?”

“काय करणार? चांगलं ज्यांनी घेतलं त्यांनी चांगलंच तेवढं ठेवलं, बाकीचं खोडून काढलं. मला काय खोडून चालत नव्हतं. जे होतं त्याचाच पाला.”

श्रुतिकाने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. मग पुन्हा त्या झाडापाशी आली.

“फुलाशिवाय याचं नाव मला ठामपणे सांगता येणार नाही. दोन-तीन शक्यता आहेत. आजी, हे एक झाड दोन वर्षं तोडू नका ना.”

“दोन वर्सं?”

“एखाद वेळी तीन.”

एका झाडाचे चार भारे. तेवढ्याने राबाचा एक कोपरा मोकळा राहिला असता. ठमाबाईने हिशेब केला तो एवढाच. पण हो म्हणायचं कारण वेगळं होतं आणि ते तिने श्रुतिकाला सांगितलं नाही. सासूचं बोलणं तिला खरं वाटत नव्हतं. पण ते खोटंही ठरलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत त्या झाडाने फळ धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि चव्वेचाळीस वर्षं त्याच्यावर तीच चढत होती.

“ठेवते,” ती म्हणाली. “बघू दे मला पण.”

पहिल्या थंडीत तिने सगळ्या रानातलं कवळ उतरवलं आणि ते एक झाड सोडलं. रामजी आपल्या पट्ट्यातून येताना थांबला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, वाडीतले वाद त्याच्यासमोर येत आणि तो जे सांगेल ते चाले. त्याने झाडाकडे पाहिलं.

“काय गो ठमे, ह्याला देवाला सोडलास काय?”

“फूल बघायचंय, भावोजी.”

“कुणाचं?”

“ह्याचं.”

रामजीने विडीचा झुरका घेतला, धूर सोडला. “माझ्या आजाच्या वेळेपासून हाय हे झाड. फूल असतं तर त्याने सांगितलं नसतं?”

“तुमच्या आज्यानं पण तोडलंच ना दरसाल.”

रामजी हसला, पण चालता चालता एकदा मागे वळून बघून गेला.

त्या पावसाळ्यात झाड सुटलं. ठमाबाईला त्याची वाढ माहीत होती ती फक्त एका वर्षाची. पुढे हे झाड काय करतं ते तिला नवीन होतं. फांद्या नुसत्या वर गेल्या नाहीत, आडव्या पसरल्या. बुंध्याला खाली मुळांसारखं काहीतरी लोंबू लागलं. भाताची लावणी संपल्यावर एकदा ती वहाळाला गेली, वरची एक फांदी वाकवून पाहिली आणि घरी येऊन फोन लावला.

“श्रुतिका, पानाचे दात गेले गो.”

“काय?”

“खालच्या धुमाऱ्याची पानं करवतीसारखी हायत. वरच्या जुन्या फांदीची बघितली तर कड सरळ. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पानं!”

पलीकडे श्रुतिका भराभर पुस्तक चाळताना ऐकू आली. मग म्हणाली, “आजी, फोटो पाठवता येईल?”

“माझ्या फोनात नाय निघत. पान पाठवते. यष्टीवाल्याकडे देते महाडला.”

पान महाडला पोचलं, तिथून श्रुतिकाच्या आईने ते पुण्याला धाडलं. श्रुतिकाने कळवलं की शक्यता आता दोनच उरल्या आहेत. ठमाबाईने कुठल्या, ते विचारलं नाही. तिला गंमत वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. लहानपणी सगळी पानं दातेरी आणि वय झालं की गुळगुळीत. माणसाचे तरी दात पडतात, ह्या झाडाचे पडल्याशिवाय कसे काय जातात? ह्या झाडाचं ती जे बघत आली होती ते सगळं त्याचं लहानपण होतं. दरवर्षी ते लहान व्हायचं आणि तिला वाटायचं, हे असंच असतं.

दुसऱ्या थंडीतही तिने त्याला कोयता लावला नाही. माघाच्या अखेरीस गुडघे शेकायला ती सवला गेली. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात दोन दिवस पाय सोडून बसली, परत आली आणि पिशवी न उतरवता आधी वहाळाला गेली. फांद्यांवर, पानांच्या बगलेत, मोहरीएवढे हिरवे दाणे धरले होते. बोटाला चिकटत होते.

त्याच आठवड्यात डोंगरावरचं रान ठेकेदाराला तोडायला द्यायचं नक्की झालं.

हा डोंगर बावीस-तेवीस वर्षांनी तोडला जातो. ठमाबाई नवरी होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो बोडका झाला होता. मुलगा मंगेश दहावीला होता तेव्हा पुन्हा. तोडलेल्या बुंध्यांतून फूट येते, पाच वर्षांत सावली होते, दहा वर्षांत वाट चुकते. आता तिसरी वेळ. वाडीच्या देवळापुढे सभामंडप बांधायला पैसे हवे होते आणि वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने बैठकीत तसं ठरवलं होतं. मंगेशने फोनवर सांगितलं.

“आई, टेन्शन नको घेऊ. कवळाची झाडं सोडणार आहेत, फळाची पण. नेहमीसारखं.”

“वहाळावरचं माझं झाड?”

“ते कवळाचंच ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

पण झालं नव्हतं, आणि ते फोन ठेवल्यावर ठमाबाईच्या ध्यानात आलं. कवळाचं झाड कुठलं आणि ठेकेदाराचं कुठलं, ह्याचा वाडीत एक जुना नेम आहे. ज्याच्या अंगावर ह्या सालचा किंवा गेल्या सालचा कोयता दिसतो ते कवळाचं. त्याला चुन्याचा पट्टा मारतात. कोयता दिसत नाही ते तोडायचं. हा नेम नसता तर प्रत्येक घराने चांगली झाडं कवळाची म्हणून राखली असती आणि ठेकेदाराला काटेकुटे उरले असते. तिच्या झाडावरचा शेवटचा कोयता दोन वर्षांपूर्वीचा होता. ज्या उपायाने फूल येणार होतं, त्यानेच झाड जाणार होतं.

तिने श्रुतिकाला फोन केला.

“कळीवरून नाय का सांगता येत?”

“थोडंफार येईल. पण फूल उघडलेलं पाहिजे आजी, पाकळ्या मोजल्याशिवाय खात्री नाही. अजून किती दिवस लागतील?”

“ते मला कसं ठाऊक? मी कधी बघितलंय?”

श्रुतिका म्हणाली, परीक्षा आटोपली की पंधरा दिवसांत येते. खुणा करायला ठेकेदाराचा मुकादम दुसऱ्याच दिवशी येणार होता, आणि खुणा झाल्या की तिसऱ्या दिवशी वहाळाच्या अंगाने लाकूड कापायचं मशीन चालू होणार होतं.

मुकादम पोलादपूरकडचा होता. चांगू त्याचं नाव. पस्तिशीचा, गळ्यात टॉवेल, हातात चुन्याची बादली. त्याच्याबरोबर वाडीतर्फे रामजी. सकाळपासून ते एकेक पट्टा करत येत होते. वहाळापाशी पोचेतो जानकीबाईशी रामजीचं वाजून झालं होतं. शेजारच्या घरची ही जानकीबाई. तिने आदल्या दिवशी आपल्या तीन मोठ्या किंजळींची एकेक फांदी छाटून ठेवली होती आणि कोयता दाखवून ती झाडं मागत होती. रामजीने नाही म्हणून सांगितलं. एका फांदीने राब भाजत नाही. कवळ म्हणजे बुंध्यापासून वर सगळं उतरवलेलं हवं. जानकीबाई वाटेतच बसून राहिली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलत होती.

चांगू झाडाभोवती फिरला. “हे कुणाचं?”

“माझं,” ठमाबाई म्हणाली. “कवळाचं.”

“आजी, ह्याच्यावर कोयता कुठाय?”

“गाठी बघ की. अंगभर गाठी हायत.”

“गाठी जुन्या हायत. दोन वर्सं कोण चढलं नाय ह्याच्यावर.” त्याने रामजीकडे पाहिलं. रामजीने झाडाकडे पाहिलं, मग वाटेकडे, जिथून जानकीबाईचा आवाज येत होता.

“ठमे, मी काय करू?” तो म्हणाला. “तिला एक आणि तुला एक, असं कसं सांगू? ती माझ्या डोक्यावर बसंल.”

“मी कुठं सांगते सांगा म्हणून.”

चांगू तसा वाईट माणूस नव्हता. “फळाचं असेल तर सोडतो,” तो म्हणाला. “फळ धरतं काय ह्याला?”

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. रामजी काही बोलला नसता. पण दोन वर्षं ती ज्या उत्तरासाठी थांबली होती, ते थाप म्हणून आधीच सांगून टाकणं तिच्याच्याने होईना.

“म्हाइत नाय,” ती म्हणाली.

“म्हाइत नाय?” चांगू हसला. “आजी, तुमच्या दारचं झाड ना हे?”

“म्हाइत असतं तर ठेवलं कशाला असतं?”

चांगूने गाठींवरून हात फिरवला. त्याने बादली खाली ठेवली, घाम पुसला. “असं करा. तुम्ही आत्ता उतरवा सगळं. कोयता दिसला की मी चुना लावतो आणि जातो. माझं काय, मला तर चार लाकडं कमी तोडायची.”

“ताजा कोयता चालंल?” ठमाबाईने रामजीला विचारलं.

“ह्या सालचा नायतर गेल्या सालचा,” रामजी म्हणाला. “ह्या सालचा म्हणजे आजचा पण. पण सगळं उतरवायला पायजे. एक फांदी नाय.”

ठमाबाई झाडाखाली उभी राहिली. दाणे मोहरीएवढ्याचे मुगाएवढे झाले होते. तोडलं तर झाड राहील आणि फूल जाईल. नाही तोडलं तर परवा दोन्ही जातील. आणि तिचं वय चौसष्ट. पुन्हा दोन वर्षं ठेवायचं, पुन्हा वाट बघायची, हे तिला बोलायला सोपं होतं. गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं.

तिने काष्टा घातला.

“मी चढू काय?” चांगू म्हणाला.

“माझं झाड हाय.”

पहिल्यांदा तिला चढता येईना. चव्वेचाळीस वर्षांच्या पायाच्या जागा त्या बुंध्यावर होत्या, अंधारातही सापडाव्यात अशा. पण दोन वर्षांत तिथे फांद्या जाडावल्या होत्या, गाठी सालीखाली बुजल्या होत्या. पाय शोधत होता आणि झाड दुसरंच होतं. ती थांबली, खालच्या आडव्या फांदीवर पोट टेकून वर सरकली आणि बसली. मग उभी राहिली. मग कोयता काढला.

खालून वर यायचं असतं, ती तशीच आली. फांदी पडायची तेव्हा चांगू बाजूला व्हायचा. कळ्यांचे घोस पाल्यासकट खाली आपटत होते. रामजी एका दगडावर बसून बघत होता. जानकीबाईसुद्धा बोलायची थांबून वाटेवर उभी राहिली होती.

तासाभराने बुंधा मोकळा झाला. वर मात्र एक तुरा उरला होता, दोन वर्षांत सरळ आभाळाकडे गेलेला, मनगटाएवढ्या जाडीचा. दरसाल कवळ तोडताना एवढा उंच शेंडा कधी नसायचाच. तो वाढायच्या आत खाली यायचा. ठमाबाई त्याच्या खाली उभी होती, एक हात खोडाला, एका हातात कोयता. तुरा तिच्या डोक्यावर हातभर सुरू होत होता.

“आजी, शेंडा राहिला,” चांगू खालून ओरडला.

“हात पोचत नाय.”

“थोडं वर सरका ना.”

“तू ये वर. तू सरक.”

चांगूने वर पाहिलं. शेंड्याचं खोड वाऱ्याने आत्ताच डुलत होतं. त्याने टॉवेलने मान पुसली. “मला दोन पोरं हायत,” तो म्हणाला.

जानकीबाई वाटेवरून ओरडली, “सगळं उतरवायचं बोलला होतास ना, रामजी?”

रामजी दगडावरून उठला. त्याने झाड खालून वर नीट पाहिलं, गेल्या सालच्या थंडीत जाता जाता पाहिलं होतं त्याहून नीट.

“माणूस पोचतो तिथवर कवळ,” तो म्हणाला. “तुझ्या किंजळींना तू खालची फांदी तोडलीस, आणि ही चौसष्ट वर्सांची बाय वर उभी हाय. तुझ्या झाडावर चढून एवढं उतरव, त्यांना पण चुना लावतो. लाव रे चांगू.”

जानकीबाईने घरी जाऊन कोयता आणला. संध्याकाळपर्यंत तिच्या नातवाने दोन किंजळी उतरवल्या. तिसरी गेली.

ठमाबाई खाली आली तेव्हा चांगू पट्टा मारत होता. पडलेल्या फांद्यांपैकी एक तिने घरी नेऊन पाण्याच्या कळशीत उभी केली. तिसऱ्या दिवशी तिच्यावरच्या कळ्या काळ्या पडून गळल्या. त्याच दिवशी वहाळाच्या अंगाने मशीन चालू झालं. आठ दिवस त्याचा आवाज वाडीत घुमत होता. मग डोंगर उघडा झाला, चुन्याचे पट्टे घातलेले खांब तेवढे उरले आणि घाटातली गाड्यांची वाट घरातून दिसू लागली.

श्रुतिका आली ती सतराव्या दिवशी. वहाळापाशी आल्यावर वर बघत राहिली. उघड्या डोंगरावर तो खांब आणि टोकाला एक हिरवा झुबका. झुबक्यात काहीतरी पांढरट होतं आणि त्याच्याभोवती माश्यांची भुणभुण ऐकू येत होती.

“फुललंय!” ती म्हणाली. फोन काढून तिने चित्र मोठं केलं. नुसते ठिपके आले. “काही दिसत नाही. आजी, एक डहाळी तोडता येईल काठीने?”

“एवढंच तर हाय. ते पण तोडू?”

“मग कसं बघायचं?”

ठमाबाई काष्टा घालत होती.

“अहो, नको! गुडघे…”

“तू लिही. मी सांगते.”

ह्या वेळी पाय चुकले नाहीत. ती वर गेली, त्याच जागी उभी राहिली आणि मग, ज्या दिवशी हात पोचत नव्हता त्या दिवसापेक्षा दोन हात वर सरकली. झुबका तिच्या नाकासमोर आला. खाली श्रुतिकाने वही उघडली.

“केवढं आहे, आजी?”

“भिजवलेली मटकी असते ना, तेवढं. घोसाने हायत.”

“रंग?”

“पांढरा म्हणू की हिरवा म्हणू? ताकाच्या वरचं पाणी असतं तसला.”

“पाकळ्या मोजा.”

ठमाबाईने एक घोस नाकाशी ओढला.

“सहा.”

“सहा,” श्रुतिकाने लिहिलं.

“थांब, ह्याला सात.”

“आजी, नीट मोजा हां.”

“नीटच मोजते. ह्याला सहा, शेजारच्याला सात, पलीकडं परत सहा. ह्या झाडाला मोजायला कुणी शिकवलं नाय.”

श्रुतिकाचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. “पाकळीची कड कशी आहे? सरळ?”

“फाटकी. गोधडीची कड झिजून दोरे निघतात तशी. आणि मधे केस हायत. सातवाल्याला…” ती पुटपुटत मोजत होती, “…बारा, तेरा, चौदा.”

“पुंकेसर दुप्पट?”

“दुप्पट. आणि चिकट हाय सगळं. माझी बोटं एकमेकाला चिकटली.”

“आजी!” श्रुतिका उडीच मारायची बाकी होती. “कळलं मला! कोण आहे ते कळलं! या खाली, सांगते.”

“आत्ता सांगू नको,” वरून आवाज आला. “इथं एक अर्धं उघडलंय. त्याला सहा निघतात का सात, तेवढं बघू दे.”